पंपाची भीती कुठून आली? दम्याच्या इनहेलरची गोष्ट

"डॉक्टर, गोळ्या द्या, इंजेक्शन द्या, पण तेवढा पंप नको." साताऱ्यापासून सांगली-मिरजेपर्यंत छातीच्या आजारांवर उपचार करणाऱ्या कुठल्याही डॉक्टरला हे वाक्य आठवड्यातून चार-पाच वेळा तरी ऐकावं लागतं. कारणं विचारली की तीच ती येतात. पंप एकदा लागला की सुटत नाही. पंपाने हृदय कमकुवत होतं. पंप म्हणजे शेवटचं औषध, ते आत्ताच सुरू केलं तर पुढे काय घ्यायचं? आणि पेशंट लग्नाच्या वयाची मुलगी असेल तर आई दार लोटून घेऊन हळू आवाजात सांगते, "पाहुण्यांना कळलं तर जमलेलं मोडेल."

या सगळ्या समजुती अडाणीपणातून आल्या असं म्हणून मोकळं होता येतं, पण ते खरं नाही. यातल्या बऱ्याच भीतींना मूळ आहे, इतिहास आहे. तो माहीत असला की कुठली भीती आता जुनी झाली आणि कुठली अजून खरी आहे, हे आपलं आपल्याला ठरवता येतं. शिवाय वेगवेगळ्या पंपांसाठी श्वास वेगवेगळ्या तऱ्हेने का घ्यायचा, याचं उत्तरही याच इतिहासात आहे.

धूर, वाफ आणि धोत्रा

औषध नाकातोंडावाटे श्वासात घ्यायची कल्पना आपल्याकडे फार जुनी. चरकसंहितेत श्वासाचे पाच प्रकार सांगितले आहेत: महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास आणि क्षुद्रश्वास. त्यातल्या तमकश्वासाचं वर्णन आजच्या दम्याशी खूपसं जुळतं. ढगाळ हवेत त्रास वाढतो, रुग्णाला आडवं झालं की गुदमरतं, उठून बसलं की बरं वाटतं. रात्री दोन वाजता भिंतीला टेकून बसलेला माणूस ज्यांनी घरात पाहिला आहे, त्यांना वेगळं सांगायला नको. त्याच संहितेत औषधी वनस्पतींचा लेप काडीवर चढवून, सुकवून, काडी काढून घेऊन उरलेली पोकळ वात पेटवायची आणि तिचा धूर ओढायचा, अशी धूमपानाची कृतीही दिली आहे.

खेड्यापाड्यात धोत्र्याच्या वाळलेल्या पानांचा धूर दम्यासाठी ओढत असत. हा उपाय इंग्लंडला पोहोचला तो भारतातूनच. मद्रासचे डॉ. जेम्स अँडरसन यांच्याकडून तो जनरल जेंट नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला कळला आणि १८०२ च्या सुमारास त्याने तो ब्रिटनमध्ये नेला. पुढे शंभर-सव्वाशे वर्षं युरोप-अमेरिकेत धोत्र्याच्या जातीच्या पानांच्या 'दम्याच्या सिगारेटी' औषधाच्या दुकानात राजरोस विकल्या जात. फ्रेंच कादंबरीकार मार्सेल प्रूस्तही त्या ओढत असे. आज दम्याच्या माणसाने सिगारेट ओढायची म्हटलं तर अंगावर काटा येतो, पण त्या काळी त्यात वावगं काही नव्हतं.

धोत्र्यात अ‍ॅट्रोपीन असतं. ते श्वासनळ्यांचे आवळलेले स्नायू सैल करतं, म्हणून थोडा आराम पडायचा. पण प्रमाण चुकलं की माणूस भ्रमिष्ट होतो, बेशुद्ध पडतो, दगावतोही. त्यामुळे हे वाचून कुणी परसातला धोत्रा शोधू नये. त्याचं काम पुढे रसायनशास्त्रज्ञांनी करून ठेवलं आहे. अ‍ॅट्रोपीनच्या रेणूत बदल करून इप्राट्रोपियम आणि टायोट्रोपियम ही औषधं बनवली गेली. तुमच्या आजोबांना धापेसाठी टायोट्रोपियमची कॅप्सूल दिली असेल, तर ती त्या धोत्र्याचीच सुधारलेली नात समजा.

'इनहेलर' हा शब्द मात्र इंग्लंडमधला. प्लायमथचे डॉक्टर जॉन मज यांनी १७७८ साली एका पुस्तकात झाकणाला नळी बसवलेल्या मगाचं वर्णन केलं आणि त्याला हे नाव दिलं. मगात गरम पाणी घालायचं आणि नळीतून वाफ ओढायची. म्हणजे आपला वाफाराच, फक्त चादरीऐवजी मग.

मिरज, पाचगणी आणि 'छातीचा आजार'

आता आपल्या भागाकडे येऊ. मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांचं मिशन हॉस्पिटल १८९४ साली उभं राहिलं. पुढे सांगली आणि मिरज यांच्या मध्ये क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झालं, त्या वस्तीला आजही वानलेसवाडी म्हणतात. तिकडे पाचगणीला डॉ. बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये बेल-एअर हे क्षयरोग्यांचं आरोग्यधाम सुरू केलं. क्षयावर तेव्हा औषध नव्हतं. स्वच्छ हवा, विश्रांती आणि पौष्टिक अन्न एवढाच उपचार. स्ट्रेप्टोमायसीनचा शोध लागला १९४३ साली.

दम्याच्या बदनामीची एक मुळी मला इथे दिसते. दोन-तीन पिढ्या आपल्याकडे 'छातीचा आजार' म्हणजे क्षय, आणि क्षय म्हणजे वेगळं ताट, वेगळी वाटी, गावाबाहेरची खोली. खोकणाऱ्या, धापा टाकणाऱ्या माणसाला दमा आहे की क्षय, हे शेजाऱ्याला काय कळणार? आजार लपवायची सवय तिथून लागली असावी. दमा संसर्गाने पसरत नाही, दम्याच्या माणसाच्या ताटात जेवल्याने काही होत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी लपवालपवी चालूच आहे.

त्या काळात दम्याचा झटका आला तर काय करत? जोकिची ताकामिने या जपानी शास्त्रज्ञाने १९०१ च्या सुमारास अ‍ॅड्रेनलीन शुद्ध स्वरूपात मिळवलं आणि दोनच वर्षांत ते दम्यासाठी कातडीखाली टोचलं जाऊ लागलं. गुण मिनिटांत यायचा. १९२० च्या दशकात चिनी वनस्पतीतून आलेलं एफेड्रिन गोळीच्या रूपाने मिळू लागलं, मग अमिनोफायलीनची इंजेक्शनं आली. खेड्यातल्या माणसाने आजोबांना सुईने बरं होताना पाहिलं आणि सुईवर विश्वास बसला, तो आजतागायत. डेरीफायलीन आणि डेक्साचं इंजेक्शन घेऊन दोन दिवस बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी परत दवाखान्याची पायरी, हे चक्र ऊस हंगामात आमच्याकडे जोरात फिरतं. पाचट पेटलेली असते, गुऱ्हाळं धुमसत असतात, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची धूळ असते. झटका इंजेक्शनने मोडतो, पण नळ्यांची सूज तशीच राहते.

तेरा वर्षांच्या मुलीचा प्रश्न

१९५० च्या आसपास अमेरिकेत दम्याचं औषध फवारून घेण्यासाठी काचेचं भांडं आणि रबरी फुगा असलेलं यंत्र असे. फुगा दाबायचा, तुषार उडायचे. काच फुटायची, औषध सांडायचं, प्रत्येक दाबाला किती औषध आलं याचा पत्ता नसायचा. रायकर लॅबोरेटरीज या कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या तेरा वर्षांच्या मुलीला, सूझीला, दमा होता. १९५५ साली तिने वडिलांना विचारलं की केसांवर मारायच्या स्प्रेसारखं माझं औषध का मिळत नाही?

मुलं असे प्रश्न रोज विचारतात. या वडिलांनी तो मनावर घेतला. कंपनीतले रसायनतज्ज्ञ आयर्व्हिंग पोरुश यांनी शीतकपाटात वापरतात तसला दाबाखाली द्रव होणारा वायू घेतला, अत्तराच्या बाटलीसाठी बनलेली ठरावीक माप सोडणारी झडप घेतली आणि त्यातून पहिला पंप तयार केला. १९५६ च्या मार्चमध्ये तो अमेरिकेच्या बाजारात आला. प्रश्न विचारल्यापासून जेमतेम वर्षभरात. आज हातात धरतो त्या पंपाची मूळ रचना तीच: धातूची छोटी डबी, खाली झडप, बाहेर प्लॅस्टिकचं तोंड. एकदा दाबलं की मोजून एक माप.

यातलं 'मोजून' महत्त्वाचं. साल्ब्युटामॉलची गोळी बहुधा ४ मिलिग्रॅमची असते. पंपाचे दोन फवारे म्हणजे २०० मायक्रोग्रॅम, गोळीच्या एक-विसांश. गोळी पोटातून रक्तात आणि रक्तातून सगळ्या शरीरात जाते, म्हणून हात थरथरतात, छातीत धडधडतं. पंपाचं औषध थेट नळ्यांत पडतं, म्हणून थोडं पुरतं. तेव्हा 'आधी गोळ्या, मग शेवटी पंप' हा क्रम उलटा आहे. पंप हे हलकं औषध आहे.

पण सूझीच्या पंपात एक अडचण होती, ती अजूनही आहे. फवारा भरधाव मोटारीच्या वेगाने बाहेर पडतो. श्वास आत घेण्याआधी दाबलं तर औषध घशाच्या मागच्या भिंतीवर आदळून तिथेच बसतं. उशिरा दाबलं तर आत जायला श्वासच उरत नाही. म्हणून पंप आधी हलवायचा, श्वास सावकाश पूर्ण सोडायचा, तोंड ओठांनी घट्ट मिटायचं, आणि श्वास आत घ्यायला सुरुवात करतानाच एकदा दाबायचं. श्वास हळू घ्यायचा, मनात चार-पाच मोजेपर्यंत. मग दहा मोजेपर्यंत रोखायचा. दुसरा फवारा हवा असेल तर अर्धा-एक मिनिट थांबून, पुन्हा हलवून. एका श्वासात दोनदा दाबणारे खूप भेटतात. त्यातला बराचसा भाग घशालाच जातो.

हा ताळमेळ लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना जमत नाही, म्हणून पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची पोकळ नळी, म्हणजे स्पेसर, आली. फवारा त्या पोकळीत मंदावतो आणि माणूस आपल्या गतीने श्वास घेतो. पाचएक वर्षांच्या आतल्या मुलांना त्यालाच मास्क जोडून देतात. दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी १९९९ साली दाखवून दिलं की झटक्याच्या वेळी अर्ध्या लिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाच्या मापाचं भोक पाडलं तर तीही स्पेसरचं काम चांगलं करते. रानात, वस्तीवर, रात्री-अपरात्री ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पंपाने माणसं मेली तेव्हा

आता त्या 'हृदय कमकुवत होतं' वाल्या भीतीकडे. ही भीती हवेतून आलेली नाही.

१९६० च्या दशकात ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड या देशांत दम्याने होणारे मृत्यू अचानक वाढले, त्यातही तरुण आणि किशोरवयीन मुलांचे. तेव्हाच्या पंपात आयसोप्रेनलीन असे. ते श्वासनळ्यांबरोबर हृदयालाही पळवायचं. काही देशांत त्याचा नेहमीपेक्षा कितीतरी तीव्र प्रकार विकला जात होता आणि ब्रिटनमध्ये तो चिठ्ठीशिवाय मिळत होता. इशारे दिले गेले, चिठ्ठी सक्तीची झाली आणि मृत्यू उतरले. कारणांवर तज्ज्ञांचा वाद पुढे बराच काळ चालला. औषधाच्या मात्रेनेच हृदयाची लय बिघडली, की पंपाने तात्पुरतं बरं वाटतं म्हणून लोक घरीच फवारे मारत बसले आणि दवाखान्यात पोहोचायला उशीर झाला? माझ्या मते दुसरं कारण आजच्या वाचकाने जास्त मनावर घ्यावं, कारण ते अजून घडतं.

या धक्क्यानंतर दोन मोठे बदल झाले. सर डेव्हिड जॅक यांच्या चमूने तयार केलेलं साल्ब्युटामॉल १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये आलं. ते मुख्यतः श्वासनळ्यांवर काम करतं, हृदयावर त्याचा परिणाम खूपच कमी. आणि १९७२ मध्ये त्याच चमूचा बेक्लोमेथासोनचा पंप आला. हा नळ्या लगेच उघडत नाही; तो आतली सूज उतरवतो. दम्याचं खरं दुखणं ही सूजच. आवळलेली नळी हा तिचा परिणाम.

बेक्लोमेथासोन, ब्युडेसोनाइड, फ्लुटिकासोन ही सगळी स्टेरॉइडं, आणि 'स्टेरॉइड' म्हटलं की लोक पंप खाली ठेवतात. याही भीतीला मूळ आहे. १९५० नंतर स्टेरॉइडच्या गोळ्या दम्यासाठी दिल्या गेल्या आणि वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचे चेहरे सुजले, हाडं ठिसूळ झाली, साखर वाढली. ते टाळण्यासाठीच तर हा पंप बनवला. त्यातली मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते. आवाज बसणं किंवा तोंडात पांढरी बुरशी येणं हा त्रास होऊ शकतो. त्यासाठी पंप घेतल्यावर चूळ भरून पाणी थुंकून टाकायचं. दात घासायच्या आधी पंप घ्यायची सवय लावली की हे आपोआप होतं.

स्वतःवर प्रयोग करणारा वैमानिक

पुडीच्या इनहेलरची कथा निराळ्याच माणसाची आहे. रॉजर अल्टून्यान हे सीरियातल्या अलेप्पो इथे जन्मलेले आर्मेनियन वंशाचे डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धात ते विमान चालवायला शिकवत. त्यांना स्वतःला दमा होता आणि नंतर इंग्लंडमधल्या एका औषध कंपनीत त्यांनी आपलीच छाती प्रयोगशाळा केली. गिनिपिगच्या केसांच्या कोंड्याची त्यांना अ‍ॅलर्जी होती. त्याचा अर्क हुंगून ते मुद्दाम झटका आणायचे आणि नवं रसायन तो किती थोपवतं हे मोजायचे. असं वर्षानुवर्षं, शेकडो रसायनांसाठी. त्यातून क्रोमोग्लायकेट सापडलं. ते पूड म्हणून द्यायचं होतं, तेव्हा त्यांनी विमानाच्या पंख्यावरून कल्पना घेऊन स्पिनहेलर बनवला: श्वास ओढला की आतला चिमुकला पंखा कॅप्सूलसकट फिरतो आणि पूड उडते.

इथे वायूचा दाब नाही. पूड उडवायची ताकद रुग्णाच्या श्वासातून येते. म्हणून नियम उलटा: पंपाला श्वास हळू, पुडीला जोरात आणि खोल. हे एवढं एक वाक्य कळलं तर अर्धं तंत्र आलं.

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात रोटाहेलर आला. पाश्चात्त्य देशांत तो मागे पडला, आपल्याकडे घरोघरी टिकला. मुंबईच्या सिप्लासारख्या भारतीय कंपन्यांनी सत्तरच्या दशकापासून दम्याचे पंप इथेच बनवायला घेतले होते, त्यामुळे किमती आवाक्यात आल्या. 'अस्थालिन' हे नाव तर इतकं रुळलं की कुठल्याही निळ्या पंपाला लोक तेच म्हणतात. रोटाहेलर सोपा आणि स्वस्त. कॅप्सूल वरच्या भोकात घालायची, तळ फिरवायचा, आत ती उघडते. मग बाहेर श्वास सोडून, तोंडात धरून जोरात ओढायचं. पूड राहिली असेल तर पुन्हा एकदा. रोटाहेलरमध्ये फुंकर मात्र मारायची नाही, तोंडातल्या दमट हवेने पूड चिकटते.

आणि कॅप्सूल गिळायची नाही. हसू नका. पाटणकडच्या एक आजी दोन महिने रोज सकाळ-संध्याकाळ ती पाण्याबरोबर गिळत होत्या. कॅप्सूल म्हटलं की माणूस गिळणारच. यंत्र हातात देताना ते वापरून दाखवणं हे देणाऱ्याचं काम.

आपल्या दोन जिल्ह्यांत पुडीचा आणखी एक प्रश्न आहे. माण, खटाव, जत, आटपाडीच्या कोरड्या हवेत कॅप्सूल छान राहतात. महाबळेश्वर, जावळी, कोयनेकडे पावसाळ्यात पापड सादळतो तशी पूड सादळते आणि उडत नाही. डबीचं झाकण घट्ट लावा, कॅप्सूल ऐनवेळीच बाहेर काढा, यंत्र धुतलं तर पूर्ण वाळल्याशिवाय वापरू नका. न्हाणीघराच्या फळीवर तर ठेवूच नका.

पंपातल्या वायूचीही पुढे एक गोष्ट झाली. सूझीच्या पंपातला वायू ओझोनच्या थराला भोक पाडतो हे कळलं, १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला आणि यथावकाश जगभरचे पंप नव्या वायूवर आले. नव्या पंपाचा फवारा मऊ आणि कमी गार लागतो. 'हा नवा पंप पाणचट आहे' अशी तक्रार तेव्हा पुष्कळांनी केली, पण औषध तेवढंच असतं. जुन्या काळची एक युक्ती मात्र आता सोडून द्यायला हवी: डबी पाण्यात टाकून ती तरंगते का, यावरून औषध किती उरलं हे पाहणं. नव्या डब्यांसाठी ती भरवशाची नाही, शिवाय झडपेत पाणी जातं. पंपावर आकडा दिसत असेल तर तो पाहा, नसेल तर सुरू केल्याची तारीख डबीवर लिहून ठेवा.

निळा पंप एकटा नको

या इतिहासातला ताजा टप्पा २०१९ चा. दम्यावर जगभरच्या डॉक्टरांना मार्गदर्शन करणाऱ्या 'गिना' या गटाने त्या वर्षी स्पष्ट सांगितलं की मोठ्या माणसांना आणि किशोरवयीनांना नुसता नळ्या उघडणारा पंप देऊ नये. सोबत सूज उतरवणारं औषध हवंच. साठ वर्षांपूर्वीच्या त्या मृत्यूंनी जे सुचवलं होतं, तेच. जगातले सुमारे १३ टक्के दमेकरी भारतात आहेत, पण दम्याच्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक भारतात होतात, असा अंदाज आहे. कोजागिरीच्या रात्री खिरीतून औषध घ्यायला जाणारे किंवा मृगाला हैदराबादचा मासा गिळायला जाणारे पुष्कळ जण माझ्या ओळखीचे आहेत. श्रद्धेवर मला बोलायचं नाही. पण त्यासाठी महिनाभर आधीपासून पंप बंद ठेवतात, ते भोवतं.

तुमच्याकडे फक्त निळा पंप असेल आणि तो आठवड्यातून दोनपेक्षा जास्त दिवस लागत असेल, किंवा दम्याने रात्री जाग येत असेल, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. जाताना रिकाम्या डब्यांसकट सगळे पंप पिशवीत घालून न्या आणि त्यांच्यासमोर एकदा वापरून दाखवा. आणि फवारे घेऊनही एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ किंवा नखं निळी पडत असतील, तर घरी थांबू नका. गाडी बोलवा आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत वाटेत निळा पंप स्पेसरने घेत राहा.